जुन्या भावाची बाटली

हे माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालेलं नाही. बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही, आणि ज्या घराचं नुकसान केलं त्या घराला तर नाहीच नाही. मनातल्या मनात मात्र पुष्कळदा बोलून पाहिलंय. इतक्यांदा, की आता त्याची वाक्यं गुळगुळीत झालीत — आणि त्या गुळगुळीत वाक्यांत दर वेळी मी जरा बरा माणूस निघतो. म्हणून आज तयारी न करता बोलतो. अडखळलो तर अडखळू द्या.

माझं देशी दारूचं दुकान आहे. रावेर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या एका गावात. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, मग माझ्या. तुम्हाला वाटेल, दारूवाला कबुली देतोय म्हणजे दारू विकल्याचीच देणार. तसं नाही. दारू विकतो हे मी कधी लपवलेलं नाही. दुकानावर हातभर पाटी आहे. लग्न ठरताना मुलीकडच्यांना ते पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्याची लाज वाटावी की नाही, किती वाटावी, तो विषय वेगळा. मला सांगायचंय ते एका हाकेबद्दल. मी एका माणसाला रस्त्यावरून हाक मारली, एवढंच. हाक मारणं हा काय गुन्हा आहे?

पण थांबा. आधी तो माणूस.

त्याचं नाव लोटन. गाव त्याला लोटू म्हणायचं, मी लोट्या. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. सातवीनंतर तो केळीच्या कापणीवर जायला लागला आणि मी पुढं शिकायला रावेरला, तरी आमचं अरेतुरे शेवटपर्यंत तसंच राहिलं. खांद्यावर घड घेतला की तो चालायचा नाही, जवळजवळ पळायचा; ट्रॅक्टरपाशी घड उतरवायचा तोही असा, जसं काही निजलेलं मूल खाली ठेवतोय. आणि नकला! तलाठ्याची, शाळेतल्या मास्तरांची, ग्रामपंचायतीत भाषण करतानाची माझी — हात मागे बांधून, पोट पुढे काढून. माझ्यासमोरच करायचा. मी हसायचो.

आणि तो प्यायचा. सकाळी कापणीला जायच्या आधी एक क्वार्टर, दुपारी गाडी भरून झाल्यावर एक, संध्याकाळी एक, आणि त्यानंतर बहुतेक दिवशी आणखी एक. सगळ्या माझ्याच दुकानातून. त्याचे हात सकाळी इतके कापायचे की पहिली बाटली मी झाकण काढूनच पुढे करायचो. ही माझी माया होती असं मला तेव्हा वाटायचं.

त्याची बायको मंगलावहिनी केळीच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला जाते. एकच मुलगी, ती जामनेरला दिली. वहिनींनी सगळं करून पाहिलं होतं. शपथा घातल्या, गळ्यात माळ घातली, जळगावला नेऊन औषध आणलं, माहेरी निघून गेल्या नि परत आल्या. माळ पंधरवडाभर टिकली. औषधानं त्याला उलट्या झाल्या, तेव्हा त्यानं औषध सोडलं.

मग सरकारनं दारूवरचा कर वाढवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वाढ एकदम डोळ्यात भरण्यासारखी होती; दिवसाला एक बाटली घेणारा कुरकुरला, चार घेणारा हादरला. आम्ही आसपासचे दुकानदार जळगावला एका हॉटेलात जमलो. कुणी म्हणालं निवेदन देऊ, कुणी म्हणालं बंद पाळू. जामनेरकडचे एक वयस्कर दुकानदार होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "कशाला घाबरता रे? पिणारा पितोच. बायकोच्या अंगावरचं इकंल, पण पिईल." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य वडिलांकडून मुलाकडे येतं.

पुढच्या काही महिन्यांत मला गल्ल्यावर बसून दिसलं ते मात्र त्या वाक्यात बसेना.

कुणी दारू सोडली नाही, हे आधी सांगतो. सोडली असती तर सगळ्या गावाला दिसलं असतं. झालं ते हळू आणि चोरपावलांनी. शेवटची बाटली गेली. चार घेणारा तीनवर आला, तीनवाला दोनवर. संध्याकाळी एक घेऊन झाल्यावर जो माणूस खिसा चाचपून "आणखी एक दे" म्हणायचा, तो खिसा चाचपून घरी जायला लागला. नवी पोरं, जी नुकती मिसरूड फुटल्यावर हौसेनं यायची, ती यायची कमी झाली. थोडे जण हातभट्टीकडे वळले, तेही खरं आहे. खोटं कशाला सांगू? पण ते थोडे. बाकीच्यांनी कमी केली आणि तेवढ्यावर भागवलं. दुकानापुढं पडून राहणारे दिसेनात. आठवडे बाजाराच्या दिवशी बायका नवऱ्यांना शोधत माझ्या कट्ट्यापाशी यायच्या, त्या यायच्या थांबल्या.

तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि मी ती कुणाला बोललो नाही. दुकानदाराची कमाई शेवटच्या बाटलीत असते. आणि माणसाचं मरणही बहुतेक त्याच बाटलीत असतं.

लोट्यानं तर कमालच केली. चारवरून तो आधी दोनवर आला. मग सकाळची सुटली. त्यासाठी त्यानं काही निर्धार वगैरे केला नव्हता — त्याला परवडेना, म्हणून सुटली. पहिले काही दिवस त्याचे फार हाल झाले, कापणीवर गेलाच नाही, घरात घोंगडी पांघरून पडून राहिला. त्यानंतर संध्याकाळची एक, कधी कधी तीही नाही. एके दिवशी तो दुकानात आला, बाटली घेतली, आणि झाकण त्यानं स्वतः काढलं. हात स्थिर होते. मी बघतोय हे त्याला दिसलं. हसून म्हणाला, "माह्या बायकोले जमलं नाही, डॉक्टरले जमलं नाही. सरकारनं मले भूक लावली रे भो. दोन-दोन भाकरी खाऊ राह्यलो!"

खरंच खायचा. गालफडं भरली. डोळ्यांचा पिवळटपणा गेला. वहिनी शेडमधून यायच्या वेळी हा सायकल घेऊन कोपऱ्यावर उभा राहायला लागला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, बायकोला मागं बसवून गावातून जायचा आणि ओळखीचं कुणी दिसलं की घंटी वाजवायचा. लोक हसायचे. वहिनी पदर तोंडाशी धरायच्या.

मला काय वाटायचं? इथेच मी अडखळतो. आनंद व्हायचा — असं मी म्हणत आलोय. स्वतःशीसुद्धा. थोडा व्हायचाही असेल.

त्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी केली. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत कुटली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. पंधरा-वीस माणसं. लोट्या आला, आणि प्यायला नाही. भाकरीवर भाकरी खात होता आणि एकेकाची नक्कल करत होता. कुणीतरी त्याला चिडवलं, की अरे, तू असा सुधारलास तर सुधाभाऊचं दुकान कसं चालायचं? सुधाभाऊ म्हणजे मी. लोट्यानं घास गिळला आणि म्हणाला, "त्याच्या दुकानाले कुलूप लागलं ना, तं नारळ मीच फोडीन. मोठा फोडीन. सुध्यालेच प्रसाद देईन पह्यला." 

सगळे हसले. मीही हसलो. तो मनापासून थट्टा करत होता, त्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी घरी गेलो आणि ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

माझा धंदा बसला होता का? नाही. कमी झाला होता. घरात कुणाला काही कमी पडलं नव्हतं. बायको-पोरांच्या अंगावर कपडा होता, मोटार होती, मळा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या गुळगुळीत वाक्यांत मी नेहमी म्हणतो की 'धंद्याच्या ओढाताणीत' माझ्याकडून झालं. ओढाताण नव्हती.

त्याच सुमारास पलीकडून एक माणूस यायला लागला. पलीकडून म्हणजे हद्दीपलीकडून. तिकडचा कर वेगळा, भाव वेगळा. तिकडचा माल आपल्याकडच्या जुन्या भावात परवडायचा. दोन वेळा मी त्याला हुसकावलं. तिसऱ्यांदा चार खोकी ठेवून घेतली. परवान्याच्या दुकानात असा माल ठेवणं म्हणजे परवाना घालवण्याचं काम, म्हणून तो दुकानात नाही, मागच्या पडवीत ठेवला. चोरीचा धंदा मी त्याआधी कधी केला नव्हता. तो कुणाला द्यायचा, हेही नीट ठरवलं नव्हतं — असं म्हणायला मला आवडलं असतं.

ठरवलं होतं. ज्यांनी कमी केली होती त्यांना. जे भाव कसाही असला तरी घेतच होते, त्यांना स्वस्त देऊन मला काय मिळणार होतं? परत आणायचे होते ते सुटलेले. आणि त्यांत पहिलं नाव कुणाचं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

उन्हं उतरलेली होती. लोट्या सायकल हातात धरून दुकानावरून चालला होता. कोपऱ्यावर जाऊन वहिनींची वाट बघायला. दुकानाकडे त्यानं पाहिलंही नाही. पाहिलं नाही, हे मला दिसलं. मी गल्ल्यावरून उठलो, पायरीवर आलो आणि हाक मारली.

"लोट्या, इकडे ये."

तो आला. मी त्याला मागं पडवीत नेलं आणि बाटली दाखवली. म्हणालो, जुन्या भावात आहे. त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नको भो. आता सवय तुटली. मंगला येईल इतक्यात."

एवढं म्हणाला तो. स्पष्ट म्हणाला. मला ऐकू आलं नाही असं नाही.

मी म्हणालो, "अरे, तुझ्यासाठी ठेवलीय. गावात दुसऱ्या कुणाले सांगितलं नाही. घे. बाकीच्यांना महाग, तुले नाही." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं दोन घेतल्या.

तो प्यायचं शिकला होता मित्रांत, सोडत होता भाव वाढल्यामुळे, आणि परत वळला माझ्या हातामुळे. त्या दिवशी वहिनी कोपऱ्यावरून चालत घरी गेल्या. 

पुढं मला हाक मारावी लागली नाही. उन्हाळा सुरू व्हायच्या आत तो तीनवर आला होता, पाऊस पडेपर्यंत चारवर, आणि मग मोजदादच उरली नाही, कारण स्वस्ताईला मोजदाद लागत नाही. सकाळी हात पुन्हा कापायला लागले. मी पुन्हा झाकण काढून द्यायला लागलो.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मंगलावहिनी आमच्या घरी आल्या. दुकानात त्या कधी आल्या नाहीत. घरी आल्या, मागच्या दारानं. माझी बायको चहा टाकायला आत गेली. वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडे तं महागच भेटते ना आता? मंग आमचे हे एवढी कुठून आणता?"

सांगायचं असतं तर ही जागा होती. दार बंद, बायको आत, समोर एकटी बाई. मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडे येतच नाही तो फारसा. पलीकडून आणतात लोक. हातभट्टीची घेतात. भाव वाढवून सरकारनं ही पाळी आणलीय. परवडेना म्हणून माणसं विष पितात. मी काय करू?"

शब्द आपोआप आले. एकही अडखळला नाही.

वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमच्या दुकानातली पेत होते तेच बरं म्हणायचं. महाग होती तं दोन घास खात होते." आणि उठताना, "तुम्ही सांगा ना भाऊ त्याइले. तुमचं ऐकता ते."

मी सांगतो म्हणालो. चहा घेऊन त्या गेल्या. 

त्याच्या पोटात पाणी झालं तेव्हा जळगावच्या सरकारी दवाखान्यात त्याला मीच नेलं, माझ्या मोटारीनं. पुढच्या सीटवर तो, मागं वहिनी आणि जामनेरहून आलेली मुलगी. भुसावळपर्यंत तो बोलत होता. रस्त्यावरच्या एका टोलनाक्यावरच्या माणसाची नक्कलही केली त्यानं, आवाज बसलेला असताना. गावात सगळे म्हणाले, मित्र असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, धुळ्याच्या. थकलेल्या, पण सरळ बोलणाऱ्या. वहिनी औषध आणायला गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, मित्र. दुकानाचं बोललो नाही.

त्या म्हणाल्या, "मधल्या काळात यांनी बरीच कमी केली होती म्हणतात. खरं का?"

"हो."

"तेव्हा लिव्हर सावरायला लागलं असणार. पूर्ण सोडली असती तर उत्तमच, पण तेवढ्यावर जरी राहिले असते तरी आज ही वेळ आली नसती. भाव वाढले की आम्हाला वॉर्डात फरक कळतो, सर. लगेच नाही. हळूहळू. अशी माणसं कमी यायला लागतात. मग कुठून तरी स्वस्त यायला लागते, आणि खाटा परत भरतात."

मी विचारलं — आणि हे का विचारलं ते मला आजही कळलेलं नाही — की त्यानं काही विषारी, भेसळीचं प्यालं असेल का?

"नाही हो," त्या म्हणाल्या. "विषारी दारूची लक्षणं वेगळी असतात. हे साध्या दारूनंच होतं. फक्त भरपूर लागते."

साधी दारू. पडवीतल्या मालात भेसळ नव्हती, तो कारखान्यातलाच, सीलबंद माल होता. त्यात वाईट एवढंच होतं की तो स्वस्त होता. मी मान हलवली. त्यांना वाटलं मला समजून घ्यायला जड जातंय. त्यांनी मला पाणी दिलं.

लोट्या तिथून परत आला आणि पुन्हा गेला, पुन्हा परत आला. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि वाटेत संपला. दवाखान्यात तो प्यायला मागायचा, आणि घरी असला की माझ्याकडे माणूस पाठवायचा. मी बाटली दिली का? शेवटच्या महिन्यात नाही दिली. त्याआधी देत होतो.

पलीकडचा माल मी त्याच्या दहाव्यानंतर बंद केला. भीतीनं केला की लाजेनं, मला सांगता येत नाही. मी केलं म्हणून काही भरपाई झाली नाही; माझ्यामागं दुसऱ्यानं सुरू केला. आणि ज्यांना मी परत आणलं होतं त्यांतले सगळे काही मेले नाहीत. काहींनी पुन्हा कमी केली. एकाचा पाय गेला, दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला. बाकीच्यांची नावं मी इथं घेत नाही.

पण माझं काम तिथं संपलं नाही. मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. पुढच्या वर्षी ग्रामसभेत दारूचा विषय निघाला. बायका म्हणत होत्या, दुकान हलवा, भाव आणखी वाढवा म्हणून सरकारला लिहा. मी उभा राहिलो. हात मागे बांधले. म्हणालो, भाव वाढवून दारू सुटत नाही, माणसं विषाकडे वळतात. आपला लोटू गेला तो असाच गेला, भाव वाढला नसता तर आज आपल्यात असता. 

मंगलावहिनी बायकांत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. ठराव पुढं गेला नाही.

त्या सभेत मला त्याच्या नावाची गरज होती का? आकडे नव्हते माझ्याकडे, युक्तिवाद नव्हता. मेलेला माणूस होता. तो मी वापरला. जित्या मित्राला मी परत बाटलीकडे आणलं, आणि मेल्यावर त्यालाच दुकानाच्या दारात उभा केला, राखणीला. त्यापेक्षा नीट शब्द मला सापडत नाहीत.

ते वाक्य नंतर गावाचं झालं. चहाच्या टपरीवर ऐकलं, लग्नात ऐकलं, एकदा यावलच्या पाहुण्यानं मलाच ऐकवलं — तुमच्या गावात तो एक केळीवाला गेला ना, भाव वाढवल्यामुळं. मी म्हणालो, हो, मित्र होता माझा.

अलीकडे सरकारनं पुन्हा कर वाढवला. पुन्हा तेच दिसू लागलंय मला गल्ल्यावरून. शेवटची बाटली जातेय. दोघे-तिघे संध्याकाळी सरळ घरी जाताना दिसतात. मी त्यांना हाक मारत नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. पडवी रिकामी आहे एवढंच.

परवा आरोग्य केंद्राच्या सिस्टर बचत गटाच्या बायकांना समजावायला आल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. सदस्य म्हणून मी मागच्या खुर्चीवर होतो. सिस्टर चांगलं बोलल्या. म्हणाल्या, भाव वाढले की घरातला माणूस कमी पितो, हीच वेळ आहे, त्याला धरून ठेवा, दवाखान्यात आणा, स्वस्तातली कुणी विकत असेल तर आम्हाला सांगा.

मंगलावहिनी उभ्या राहिल्या. आता केस पिकलेत त्यांचे. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. पदर खोचला. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या, पण आमच्या घरात उलटं झालं. भाव वाढला तं माह्या मालकानं बाहेरचं इष पेलं. मले सुधाभाऊनं तेव्हाच सांगतलं होतं. भाव वाढवू नका, बाई. माणसं मरता."

सिस्टरनी हातातले कागद आवरायला घेतले. विधवेला काय म्हणणार? दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या. ज्यांचे नवरे आत्ता कुठं कमी करायला लागलेत, त्यांतली एक त्यांच्याशेजारीच बसली होती. तिनंही.

खोटं त्या बोलत नव्हत्या. खोटं माझं होतं. त्यांनी ते सांभाळून ठेवलं होतं, एवढी वर्षं, नवऱ्याच्या आठवणीसारखं.

बैठक उठली. मी चप्पल घालत होतो तेव्हा त्या जवळ आल्या. हळूच विचारलं, "भाऊ, बरोबर बोलली ना मी?"

आजूबाजूला फारसं कुणी नव्हतं. सिस्टर दारातच होत्या.

मी म्हणालो, "हो वहिनी. बरोबर बोललात."